पुरुमेंत : मिटलेल्या दाराआडचा गोवा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या इतिहासाच्या तासाला बसण्याचे भाग्य मला लाभले होते. सनावळी ते कसोशीने पाठ करून घेत. परंतु तास संपता संपता, लढाई पानिपतची असो की प्लासीची, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : ‘हे सारे चालू असताना त्या गावच्या घरांत चूल कशावर पेटत होती?’ आम्ही मुले हसत असू, कारण क्रमिक पुस्तकात त्याचे उत्तर नसे. आज इतक्या वर्षांनी त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा एक अपुरा प्रयत्न आहे, असे आपण समजावे.

विषय घरगुती आहे. २०२० च्या मार्च महिन्यात सारा देश घरात बसला, तेव्हापासून एक प्रश्न अनेकांच्या मनात घर करून राहिला आहे. असा प्रसंग पुन्हा आला, मग तो साथीमुळे येवो, महापुरामुळे येवो की युद्धामुळे, तर आपल्या घराची तयारी काय असावी? याद्या पुष्कळ प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतील बऱ्याचशा उपयुक्तही आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या वाचताना एक गोष्ट राहून राहून जाणवते. घर महिनोन् महिने मिटून घेण्याची कला गोव्याला नवी नव्हती. येथील माणूस ती दर वर्षी, पंचांग पाहून, आचरीत होता. दोन पिढ्यांत ती आपल्या हातून सुटली. ती कशी होती, तिच्यात बळ किती होते आणि उणेपणा किती, हे पाहिल्यावाचून पुढच्या तयारीचा विचार करणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

या तयारीसाठी आपल्या भाषेत तीन शब्द आहेत आणि तिन्ही तीन दिशांनी आले आहेत. ‘बेगमी’ हा फारसी वळणाचा. त्याच्या मुळाशी निश्चिंतपणाचा अर्थ आहे. ‘आगोट’ हा आपल्या किनारपट्टीचा स्वतःचा. पावसाळा तोंडावर आला असतानाचे दिवस आणि त्या दिवसांतली धांदल असे दोन्ही अर्थ त्यात येतात. तिसरा ‘पुरुमेंत’, पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दाचे गोमंतकीय रूप. गंमत अशी, की राज्यकर्त्यांचा हा शब्द त्यांच्या कचेऱ्यांपेक्षा आमच्या स्वयंपाकघरांतच अधिक रुजला आणि ते गेल्यावरही राहिला. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला आजही लोक पुरुमेंताचे फेस्त म्हणूनच ओळखतात.

आजच्या तरुण श्रोत्यांना हे चार महिने डोळ्यांसमोर आणणे कठीण जाईल. मांडवीवरचा पूल १९७० साली झाला, झुवारीवरचा १९८३ साली. त्यापूर्वी नदी ओलांडायची ती होडीने किंवा फेरीबोटीने, आणि नदीला पूर आला की तेही अनिश्चित. समुद्र तर ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत मिटलेलाच. होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या. (आताही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पण बाजारात बर्फातली मासळी मिळते, त्यामुळे बंदीची झळ ताटाला लागत नाही.) घाटवाटांवरून येणारे बैलांचे तांडे पाऊस सुरू होताच थांबत. गावांतर्गत वाटाही चिखलात जात. घराभोवती असा चहूकडून पडदा पडे आणि तो भाद्रपदापर्यंत उठत नसे.

म्हणून चैत्र-वैशाखात घर कामाला लागे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्या दिवसांत फुगून वाहत असे. शिरगावच्या लइराईची जत्रा आणि म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीचे फेस्त ही दोन्ही याच सुमारास येतात, आणि लोकसमजुतीने त्या दोघी बहिणी आहेत हे आपणांस ठाऊकच आहे. देव कोणाचा याला त्या बाजारात महत्त्व नव्हते. मिरची हरमलची की खोल्याची, याला होते. मिरची विकत आणली म्हणजे काम संपले असे नसे. ती सुपात घेऊन देठ खुडायचे, खळ्यात चटईवर उन्हे देत राहायचे, संध्याकाळी उचलून आत आणायची, कारण वळवाची एक सर आठवड्याचे कष्ट बुडवी. भिरंडे फोडून त्यांची सोले मिठाच्या रसात पुनःपुन्हा भिजवून वाळवायची. कोवळे आंबे दगडाखाली दाबून चेपणीचे तोर करायचे. फणसाचे गरे संपले की आठळ्या माती लावून ठेवायच्या आणि साठे-पापड पत्र्याच्या डब्यात बंद करायचे. चुलीवरच्या आढ्याला कांद्याच्या माळा टांगल्या जात. धुराने त्यांना कीड लागत नसे. मासे खाणाऱ्या घरांत खारवलेला बांगडा, सुकी सुंगटे आणि गालमो यांचे डबे वेगळ्या कोपऱ्यात असत. मीठ पावसात पाणी सोडते म्हणून त्याचे मडके चुलीच्या उबेला. पडवीत जळाऊ लाकडे, चुडते, सोडणे यांची छपरापर्यंत रास. गुरांसाठी गवताची उडवी. आणि या सर्वांच्या आधी, घराची शाकारणी. कारण कौल फुटले असेल तर आतले पुरुमेंत भिजून जाणार.

भाताचा हिशेब निराळा. सहा माणसांचे घर, दर माणशी रोजचा पाव किलो तांदूळ इतका साधा अंदाज धरला, तरी पावसाळ्याच्या १२० दिवसांना १८० किलो लागतो. कणगीत किंवा पेंढ्याच्या मुडीत तो ठेवायचा, आणि तोही उकडा, कारण उकड्या तांदळाला कीड उशिरा लागते. घरची कर्ती बाई रोजचे माप काढताना कणगीची पातळी डोळ्यांनी जोखत असे. आमची आजी नागपंचमीला कणगीत हात घाली. कोपरापर्यंत तांदूळ लागला तर मुकाट्याने बाहेर येई. मनगटापर्यंतच लागला तर त्या दिवसापासून रात्रीच्या भातात पेजेचे प्रमाण वाढे. घरातल्या पुरुषांना हे बहुधा कळतही नसे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुरुमेंतात काय ठेवायचे याइतकेच काय ठेवायचे नाही याचेही ज्ञान होते. भाजी कोणी साठवीत नसे. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवे, मागोमाग अळू, तेरे, कुरडू. कुळीथ आणि अळसांदे होते, म्हणून डाळ थोडीच लागे. पाऊस जे बंद करतो त्याची बेगमी आणि पाऊस जे देतो त्यावर भरवसा, असा तो तोल होता. बंदी कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक असल्याखेरीज तयारी करता येत नाही, हे त्यांना न सांगता कळत होते.

१९८६ च्या जुलैच्या ५ तारखेला मांडवीवरचा पूल कोसळला. प्राणहानीही झाली. बार्देश आणि तिसवाडी यांच्यामधली वाहतूक पुन्हा फेरीबोटीवर आली आणि पणजीला नोकरीला जाणाऱ्यांचे अतोनात हाल झाले. परंतु आमच्या आळीत त्या आठवड्यात कोणाची चूल अडली नाही, हे मला स्पष्ट आठवते. अपघात आगोट उलटून गेल्यावर झाला होता. घरे भरलेली होती.

येथवर ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात गतकाळाचे गोड चित्र उभे राहिले असेल. ते पुसणे मला भाग आहे. भरलेली कणगी ही ज्याचे शेत, त्याची. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराची कणगी आषाढातच तळाला लागे. मग तो भाटकाराच्या किंवा सावकाराच्या दारी जाई आणि वाढीदिढीने भात उचली. म्हणजे आज नेलेल्या भातावर कापणीच्या वेळी सव्वापट किंवा दीडपट परत करायचे. एकाचे पुरुमेंत हे अशा रीतीने दुसऱ्याच्या कर्जाचे भांडवल होते. कुळकायदा १९६४ साली आणि मुंडकार कायदा १९७५ साली आला, तेव्हा कोठे या माणसांच्या पायांखालच्या भूमीला कायद्याचा आधार मिळाला. दुसरे असे, की हे सारे वैभव स्त्रियांच्या पाठीवर उभे होते. वैशाखातल्या उन्हात मिरच्या उलथणाऱ्या हातांची आग रात्रभर जात नसे. ती प्रथा मोडली याचे दुःख करणाऱ्यांत पुरुषच अधिक आढळतात, असे माझे निरीक्षण आहे.

पावसाळ्याची बंदी ठरल्या दिवशी येई. साथीची तशी येत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. आकासियु व्हिएगस यांनी. ते मूळचे बार्देशातल्या हडफड्याचे, हे येथे अभिमानाने नमूद करतो. पुढल्या काही महिन्यांत मुंबईतून लाखो माणसे बाहेर पडली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा १२३ वर्षांनी, २०२० साली, पुन्हा बाहेर काढण्यात आला. पण दोन्ही वेळच्या आज्ञा नेमक्या उलट होत्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येणारा, त्यामुळे घर हेच धोक्याचे. उंदीर पडू लागले की गाव उठे आणि माळावर झोपड्यांत राहायला जाई. घाटावरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात या झोपड्यांचा उल्लेख अगदी अलीकडेपर्यंत येत असे. कणगी मागे राही आणि माणसे पुढे जात. म्हणजे त्या काळी तयारी हवी होती ती डोक्यावरून नेता येईल एवढ्या संसाराची. कोरोनाने उलट, माणसांना घरात कोंडले. उद्याची साथ कोणती आज्ञा घेऊन येईल, हे आजच कोणी सांगू नये.

आता एका मोठ्या बंदीकडे वळतो, कारण ती आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष भोगली आहे. गोव्याचे भात गोव्याला कधीच वर्षभर पुरले नाही. कमी पडणारा तांदूळ ब्रह्मदेशातून येई. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि हा झरा आटला. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले. ज्या घरांचा भरवसा शेतापेक्षा बोटीवर अधिक होता, त्यांना आपले पुरुमेंत वस्तुतः रंगूनच्या धक्क्यावर अवलंबून होते याची जाणीव तेव्हा प्रथम झाली.

ती जाणीव पुसट होते न होते तोच १९५५ उजाडले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक बळी पडले. भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, आर्थिक नाकेबंदी कडक झाली. घाटावरून येणारी भाजी, कांदे, बटाटे, कापड सारे अडले. पोर्तुगीज सरकारने त्याला उत्तर म्हणून बंदरे उघडली. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, सिमेंट जपानहून येऊ लागले. लोहखनिजाची निर्यात जोरात होती, त्यामुळे परकीय चलनाला तोटा नव्हता. नाकेबंदीने सालाझारची राजवट लवकरच जेरीस येईल, ही अनेक देशभक्तांची अपेक्षा फळाला आली नाही. मुक्तीसाठी १९६१ च्या १९ डिसेंबरची वाट पाहावी लागली.

मग झळ कोणाला लागली? इतिहासकार म्हणून माझे उत्तर असे, की जिचा कर्ता मुलगा मुंबईला होता त्या आईला. मुंबईत गोमंतकीयांचे गावोगावचे ‘कूड’ होते. तेथे राहून बोटीवर, हॉटेलांत, कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांची मनीऑर्डर हे घराघरांतले खरे पुरुमेंत होते, आणि तेच थांबले. दुकानात डच बटाटे होते, पण ते घ्यायला पैसा नव्हता. गावच्या घरांनी मग जुन्या वाटा धरल्या. कंद, आठळ्या, नाचणीचे आंबील, सोलांची कढी यांवर दिवस काढले. खेड्यातले घर शहरातल्या घरापेक्षा कमी डगमगले, ही त्या वर्षांची गोष्ट मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. पण जाता-येता न आल्याने मुलाचे तोंडही पाहायला मिळाले नाही अशी आईही त्याच खेड्यात होती, आणि तिच्या त्या अभावाला कोणत्याही कणगीत उत्तर नव्हते.

मुक्तीनंतरचे थोडक्यात सांगतो. घाट खुले झाले. बेळगावची भाजी आणि दूध पहाटे दारात येऊ लागले. रास्त भावाचे दुकान आले, गॅस आला, शीतकपाट आले. माळे रिकामे झाले आणि तेथे जुनी वर्तमानपत्रे गेली. यात वाईट काही झाले असे मला वाटत नाही. बायकांच्या पाठीवरचे ओझे उतरले. फक्त, महिन्याचा किराणा आठवड्याचा झाला, आठवड्याचा दिवसाचा झाला, आणि घराचे कोठार घराबाहेर, साठ-सत्तर मैलांवरच्या मंडईत गेले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले २०२० च्या मार्चमध्ये. २२ तारखेची एक दिवसाची जनता संचारबंदी आपल्याकडे पुढे वाढवण्यात आली आणि ती संपते न संपते तोच देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. पहिले काही दिवस किराणा दुकानेही बंद होती. घाटावरून येणाऱ्या मालाचा ओघ अडखळला. तारीख लक्षात घ्या : मार्चअखेर. पुरुमेंताच्या दृष्टीने वर्षातला हा सर्वांत वाईट काळ. जी थोडी घरे अजून बेगमी करीत होती, त्यांचीही जुनी संपत आलेली आणि नवी व्हायची होती. मिरची अजून झाडावर होती, भिरंडे कच्ची होती. पूल पडला तो भरल्या घरांवर; टाळेबंदी आली ती रिकाम्या घरांवर.

मग दुकाने उघडताच जी झुंबड उडाली ती आपण पाहिली आहे. एकेकाने तांदळाच्या चार-चार गोण्या नेल्या. ज्या सहा माणसांच्या घराचा मी उल्लेख केला, त्याला २१ दिवसांना साडेएकतीस किलो पुरला असता. बेगमी आणि साठेबाजी यांतला फरक त्या रांगेत उभे राहिल्यावर मला उमगला. बेगमी सुगीत होते, माल मुबलक असताना, पिकवणाऱ्याच्या हातून. तिच्यामुळे पुढे टंचाईच्या दिवसांत बाजारातला एक गिऱ्हाईक कमी होतो. भीतीने केलेला साठा टंचाईतच होतो आणि शेजाऱ्याच्या पिशवीतून जातो. भविष्यातल्या बंदीसाठी घर तयार ठेवायचे असेल तर ते आज, बाजार शांत असताना, थोडे थोडे ठेवायचे. महिन्याचे धान्य नेहमी घरात असावे, नवे मागे ठेवून जुने आधी वापरावे, एवढेच पुरे आहे. चार महिन्यांची आता गरज नाही.

परंतु धान्य हा त्यातला सोपा भाग आहे. विहिरी आमच्या अजून आहेत; पंप बसवल्यावर रहाट मोडीत निघाला आणि दोर कुजला. वीज चार दिवस गेली तर पाणी समोर दिसेल आणि वर येणार नाही. एक मजबूत दोर आणि कळशी यांना फार पैसे पडत नाहीत. दुसरा गॅस सिलिंडर भरलेला असावा. थोडी रोख रक्कम असावी. आणि औषधे. आजीच्या पुरुमेंतात ओवा, सुंठ, हळद, कुड्याची साल होती. आपल्या पुरुमेंतात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या हव्यात, निदान महिन्याच्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत हवी.

आज समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण मुंबई-पुण्याहून, काही आखातातून, काही विलायतेहून आले आहेत. आपली मोठी घरे येथे आहेत आणि त्यांत एकेक, दोन-दोन वृद्ध माणसे राहतात. १९५५ साली पैसे येणे थांबले होते. २०२० साली पैसे क्षणात येत होते, माणूस येऊ शकत नव्हता. त्या घरांची किल्ली शेजारी कोणाकडे आहे, औषधाचे नाव कोणाला ठाऊक आहे, हे आपण जाण्यापूर्वी पाहून जा, एवढी विनंती मी आपल्याला करीन.

आमच्या शेजारी अशाच एक आजी राहत होत्या. मुलगा परदेशी. जुन्या वळणाच्या बाई; दोन मडकी तांदूळ, आंबट-खारट, सुके मासे सारे त्यांच्या माळ्यावर होते. टाळेबंदीच्या पाचव्या दिवशी त्यांच्याकडे रक्तदाबाच्या चार गोळ्या उरल्या. त्यांच्या कुंपणापलीकडच्या भाड्याच्या खोलीत उत्तर कर्नाटकातले एक गवंड्याचे कुटुंब राहत होते. रोज संध्याकाळी मजुरी घेऊन रोजचे तांदूळ आणणारे ते घर. काम थांबल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा डबा रिकामा. त्या घरचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गोळ्यांचे रिकामे पाकीट खिशात घालून, दोन ठिकाणी पोलिसांना ते दाखवीत, चालत म्हापशाला गेला आणि दुपारी गोळ्या घेऊन परतला. आजींनी त्याला पायरीवर बसवून पेज दिली. मग आत जाऊन कुडव काढला आणि त्याच्या आईला हाक मारून म्हणाल्या, ‘पिशवी घेऊन ये गो. आणि हे दीडपटीचे नव्हे हां, ते दिवस गेले.’ त्या बाईला यातले काही कळले नाही. ती पिशवी घेऊन आली.